दप्तरदाराचा पगार : एक प्रस्तावना

५४७ रुग्ण आणि आजार नसलेली ५४८ माणसं. एवढ्या भांडवलावर २००६ साली उत्तर अमेरिकेतल्या एका संशोधक-संघाने क्रोन्स डिसीज या आतड्यांच्या आजाराशी नातं असलेलं एक नवं जनुक शोधून काढलं. आज या क्षेत्रातले आकडे लाखाच्या घरात गेले आहेत, त्यामुळे हे भांडवल किरकोळ वाटेल. पण त्या ५४७ जणांची एक गोष्ट वाचताना सहज निसटते. ते नुसते ‘क्रोन्सचे रुग्ण’ नव्हते. त्या सगळ्यांचा आजार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे इलियममध्ये होता. निरनिराळ्या शहरांतल्या दवाखान्यांतून आलेल्या गर्दीतून नेमके असे रुग्ण वेचून काढता आले, याचा अर्थ कुणीतरी आधी काही वर्षं बसून प्रत्येकाचा आजार कुठे आहे हे एकाच पद्धतीने लिहून ठेवलं होतं. त्या माणसाला पगार कोण देतं? हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं आहे.

त्या माणसाला मी दप्तरदार म्हणतो. तो जिथे बसतो त्या कचेरीचं अधिकृत नाव भारदस्त आहे. मराठीत ‘डेटा समन्वय केंद्र’ म्हणता येईल आणि पुढे मी तेच म्हणणार आहे. (‘विदा’ हा शब्द चांगला आहे, पण प्रयोगशाळेत तो कुणाच्या तोंडी मी अजून ऐकलेला नाही.) मराठी माणसाला हे काम समजावून सांगायचं तर पेशवे दप्तराचा दाखला सगळ्यात जवळचा. रुमालांत बांधलेले मोडी कागद वर्षानुवर्षं पडून होते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले, तेव्हा कुठे बाहेरच्या अभ्यासकाला आत शिरायला वाट मिळाली. त्या छपाईचा खर्च तेव्हाच्या मुंबई सरकारने उचलला होता, हे आपण सहसा विसरतो. कागदावर तारीख नसेल, पत्र कुणी कुणाला लिहिलं ते कळत नसेल, तर मजकूर कितीही रसाळ असो, इतिहासकार त्याच्यावर भार टाकत नाही. परीक्षानळीतल्या डीएनएचंही तसंच. तो कुणाचा, त्या माणसाला नेमकं काय झालं होतं, केव्हा झालं होतं, हे कळेपर्यंत तो नुसता थेंब असतो.

आता आजाराबद्दल. क्रोन्स ज्यात मोडतो तो आयबीडी म्हणजे आतड्यांचा वर्षानुवर्षं चालणारा दाह. आयबीएस हा अगदी वेगळा, आणि त्या मानाने निरुपद्रवी विकार. नावातल्या एका अक्षराने घोटाळा होतो, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो. आयबीडीत मुख्यतः दोन आजार मोडतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या अस्तरात राहतो, गुदाशयापासून वर सरकतो, शौचावाटे रक्त पाडतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. त्यामुळे आतडं अरुंद होतं, कधी आरपार छिद्र पडून भगेंद्रासारख्या वाटा तयार होतात. बऱ्याच जणांना हे तरुण वयातच गाठतं. पोटात कळा, दिवसातून दहादा संडास, उतरत चाललेलं वजन, आणि हे सगळं ऑफिसात किंवा सासरी कुणाला सांगता येत नाही.

१८५९ साली लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसचं सुरुवातीचं वर्णन केलं. क्रोन्सला नाव मिळालं ते १९३२ मध्ये. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या तिघांनी १४ रुग्णांवर लेख लिहिला. लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लागली आणि आजार क्रोनच्या नावावर गेला. श्रेय कसं वाटलं जातं याची ही गंमत वाचकाने लक्षात ठेवावी. शेकडो लेखकांच्या यादीत दप्तरदार कुठे बसतो, हा विषय पुढच्या प्रकरणांत पुन्हा येणार आहे.

आजार घराण्यात उतरतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून दिसत होतं. किती उतरतो, याचा सुबक अंदाज १९८८ साली स्वीडनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातून आला. एकाला क्रोन्स झालेल्या एकसारख्या जुळ्यांच्या १८ जोड्यांपैकी ८ जोड्यांत दोघांनाही तो झाला होता. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या १६ जोड्यांत मात्र फक्त एका जोडीत. म्हणजे क्रोन्समध्ये जनुकांचा वाटा मोठा, कोलायटिसमध्ये कमी. आणि क्रोन्समध्येसुद्धा डीएनए तंतोतंत सारखा असलेल्या निम्म्याहून अधिक जोड्यांत दुसरा भाऊ किंवा बहीण आजारातून सुटलीच होती. ज्याला जनुकांतून सगळं काही सांगता येईल असं वाटतं, त्याने या १८ जोड्यांपाशी थोडं थांबावं.

इथून पुढची कहाणी एकट्यादुकट्याची राहत नाही. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या जाँ-पिएर युगो यांच्या गटाने रुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास करून १६ व्या गुणसूत्रावर क्रोन्सशी जोडलेला एक पट्टा दाखवला. इतर गटांनी तो आपापल्या कुटुंबांत शोधला. काहींना मिळाला, काहींना मिळाला नाही. मग कोण खरं? प्रत्येकाकडे कुटुंबं थोडी, त्यामुळे कुणाचंच ‘नाही’ पक्कं नव्हतं आणि कुणाचंच ‘हो’ही. १९९७ मध्ये यातल्या अनेक गटांनी आंतरराष्ट्रीय संघ उभारला आणि आपली माहिती एकत्र ओतली. १२ केंद्रांतली ६१३ कुटुंबं एका रांगेत आल्यावर १६ व्या गुणसूत्राचा खुणेचा झेंडा स्पष्ट उभा राहिला. तो निकाल २००१ साली छापून आला. त्याच वर्षी मे महिन्यात ‘नेचर’मध्ये लागोपाठ दोन लेख आले. एक युगो यांच्या गटाचा, दुसरा अमेरिकेतल्या ओगुरा, नुन्येझ, जूडी चो यांच्या गटाचा. दोन्ही गट वेगवेगळ्या वाटांनी त्याच जनुकापाशी पोचले होते : नॉड-२. जिवाणूंच्या भिंतीतला एक तुकडा ओळखून पेशीला सावध करणं, हे या जनुकाच्या प्रथिनाचं काम. त्यातला दोषी फरक एकाच पालकाकडून आला तर क्रोन्सचा धोका दुपटी-चौपटीने वाढतो. दोन्हींकडून आला तर वीस पट किंवा त्याहूनही जास्त. हे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, ही अट विसरू नये. तिच्याकडे परत यायचं आहे.

नॉड-२ सापडल्यावर एक गोष्ट उघड झाली. एवढा ठळक परिणाम करणारी जनुकं फार नसणार. उरलेली लहान लहान असणार, आणि लहान परिणाम पकडायला माणसं भरपूर लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांपैकी मधुमेह, पचनसंस्था आणि मूत्रपिंडाचे विकार पाहणाऱ्या संस्थेने, म्हणजे एनआयडीडीकेने, २००२ मध्ये एक संघ उभा केला. सहा जनुकीय संशोधन केंद्रं. लॉस एंजेलिस, बाल्टिमोर, पिट्सबर्ग, टोरांटो, माँट्रियल अशा शहरांत पसरलेली. त्यांच्या जोडीला सातवं, वेगळ्या अनुदानावर चालणारं डेटा समन्वय केंद्र.

माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सगळ्यात शहाणा निर्णय हा सातव्या अनुदानाचा. सहा केंद्रांना थोडे थोडे पैसे जास्त देऊन ‘तुमची माहिती तुम्हीच नीट ठेवा’ असं सांगता आलं असतं. कागदावर ते स्वस्तही पडलं असतं. पण सहा केंद्रं एकमेकांची सहकारी असतात तशीच स्पर्धकही असतात. आपला रुग्णसंच दुसऱ्या केंद्राच्या हाती कसा द्यायचा, ही धाकधूक कुणी बोलून दाखवत नाही एवढंच. माहिती एका त्रयस्थाकडे असली, तो सगळ्यांना सारखेच नियम लावत असला आणि त्याचा पगार कुठल्याही एका केंद्राच्या मर्जीवर नसला, की ती धाकधूक बरीच निवळते.

हे अनुदान नेहमीच्या संशोधन-अनुदानासारखं नसतं. नेहमीच्या अनुदानात शास्त्रज्ञ प्रश्न ठरवतो, पैसे मागतो, मिळाले की आपल्या मार्गाने जातो. वर्षाला एक अहवाल दिला की झालं. इथे संस्थाच आधी जाहिरात काढते : अमुक काम हवं आहे, अर्ज करा. निवड झाल्यावरही तिचे शास्त्रज्ञ सुकाणू समितीत बसतात, मत देतात, काम कुठे अडलं ते विचारतात. या व्यवस्थेला तिकडे सहकार-करार म्हणतात. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आणि त्याची निवडणूक आठवते, आणि तुलना अगदीच चुकीची नाही. ऊस प्रत्येकाच्या शेतातला, काटा मात्र सगळ्यांचा एकच. आणि भांडणं नेहमी काट्यावरूनच होतात.

हा काटा कसा चालतो, ते थोडं सविस्तर सांगतो. पुस्तकातली तीन प्रकरणं यावर आहेत, आणि नवा वाचक तीच गाळतो असा माझा अनुभव आहे.

पहिलं काम फॉर्मचं. क्रोन्सचं वर्णन करायला २००५ पासून माँट्रियल वर्गीकरण वापरलं जातं. निदान कोणत्या वयात झालं : सोळापर्यंत, सतरा ते चाळीस, की चाळिशीनंतर. आजार कुठे : इलियम, मोठं आतडं, की दोन्ही; वरच्या भागात आहे का. वागणूक कशी : साधा दाह, आतडं अरुंद होणं, की छिद्र पडून वाट निघणं. गुदद्वाराभोवती त्रास आहे का. वाचायला सोपं वाटतं. भरायला बसलं की कळतं. आजाराची जागा बहुधा वर्षानुवर्षं तीच राहते; वागणूक मात्र बदलते. आज साधा दाह असलेल्या रुग्णाचं आतडं दहा वर्षांनी अरुंद झालेलं असू शकतं. म्हणजे फॉर्मवर ‘साधा दाह’ एवढंच असेल आणि निदान होऊन किती वर्षं झाली ते नसेल, तर तो रकाना भरूनही रिकामाच. २०१६ साली ३४,८१९ रुग्णांच्या अशा नोंदी जनुकांशी जुळवून पाहिल्या गेल्या. त्यात दिसलं ते असं, की जनुकांचा संबंध मुख्यतः आजाराच्या जागेशी आहे. आणि इलियममधला क्रोन्स, मोठ्या आतड्यातला क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे एकाच पट्ट्यावरचे तीन टप्पे मानणं अधिक सयुक्तिक. दोन आजारांची जुनी वाटणी यामुळे थोडी हलली. फॉर्म नीट भरलेले नसते तर ती हलली नसती.

दुसरं काम नमुन्यांचं. फॉर्मवर स्त्री लिहिलं आहे आणि एक्स गुणसूत्र पुरुषाचं दिसतं आहे : नळ्यांची अदलाबदल झाली. दोन केंद्रांतले दोन ‘वेगळे’ रुग्ण जनुकांत तंतोतंत एक निघतात : एकच माणूस, नोकरीमुळे शहर बदललं, दोन्हीकडे नाव नोंदवलं. किंवा जुळी भावंडं. मग फोन करून विचारायचं. रुग्णांचे नमुने एका प्रयोगशाळेत तपासले आणि निरोगी माणसांचे दुसरीकडे, तर दोन यंत्रांमधला फरक आजारासारखा उमटतो आणि चांगले चांगले फसतात. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एका यंत्राने हा धागा वाचला, दुसऱ्याने तो, तर एकीकडे ‘ए’ दिसेल आणि दुसरीकडे ‘टी’. आणि ज्या जागी मुळातच ए आणि टी यांच्यातच फरक असतो तिथे कोण काय म्हणतंय हे नुसत्या अक्षरावरून कळत नाही. हे सगळं शोधायला कुठलंही नोबेल मिळत नाही. शोधलं नाही तर मात्र खोटं जनुक सापडतं.

एक्सेलचा किस्सा इथे सांगायलाच हवा. सेप्टिन गटातल्या एका जनुकाचं छोटं नाव ‘सेप्ट-२’ असं होतं. एक्सेलला ते २ सप्टेंबर वाटायचं. मार्च गटातल्या जनुकांचीही हीच तऱ्हा. २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात असल्या चुका निघाल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने हार मानली आणि जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअरपेक्षा मानवी जनुकं जास्त समजूतदार निघाली म्हणायची.

आता पुन्हा २००६ कडे. एनआयडीडीकेच्या याच संघाने इलियमचा क्रोन्स असलेले, युरोपीय वंशाचे पण ज्यू नसलेले रुग्ण घेतले. ज्यू समाजात क्रोन्सचं प्रमाण जास्त आहे, तिथली जनुकीय पार्श्वभूमीही वेगळी आहे. दोन्ही सरमिसळ केली असती तर वंशाचा फरक आजाराचा फरक म्हणून समोर आला असता. ज्यू रुग्णांचा वेगळा गट मग पडताळणीला वापरला. तीन लाखांहून जास्त जागा तपासल्या आणि आयएल-२३ या दाहाचा निरोप देणाऱ्या रेणूच्या रिसेप्टरचं जनुक वर आलं. त्यातला एक विरळ फरक आजारापासून वाचवणारा निघाला : निरोगी गटात त्याचं प्रमाण सुमारे ७ टक्के, रुग्णांत २ टक्क्यांच्या आसपास. या मार्गावर घाव घालणारी औषधं तोवर वाटेत होतीच, त्यामुळे ‘जनुक सापडलं म्हणून औषध आलं’ असं सरळ म्हणणं बरोबर नाही. पण आयएल-१२ आणि आयएल-२३ या दोन्हींना अडवणाऱ्या उस्तेकिनुमॅबला २०१६ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी परवानगी मिळाली आणि फक्त आयएल-२३ ला अडवणाऱ्या रिसांकिझुमॅबला २०२२ मध्ये. जनुकांनी बोट दाखवलेली वाट खरी होती, याला एवढा पुरावा पुरे.

त्यानंतर आकडे भराभर चढले. २००७ मध्ये ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या संघाने सात आजारांचा एकत्र अभ्यास केला, क्रोन्स त्यातला एक. प्रत्येक आजाराचे सुमारे २,००० रुग्ण, आणि सातही आजारांना मिळून तेच ३,००० निरोगी लोक. पैसे कसे वाचवावेत याचा हा वस्तुपाठ आहे. २००८ मध्ये उत्तर अमेरिका, ब्रिटन आणि बेल्जियम-फ्रान्स यांचे तीन अभ्यास एकत्र आले आणि क्रोन्सशी जोडलेल्या गुणसूत्रांवरच्या जागा तीसच्या वर गेल्या. २०१२ मध्ये ७५,००० हून अधिक लोकांची माहिती जमवून आयबीडीच्या १६३ जागा नोंदल्या गेल्या, त्यातल्या ११० दोन्ही आजारांत समाईक. त्या अभ्यासात वापरलेली ‘इम्युनोचिप’ ही सुमारे दोन लाख जागा तपासणारी चिप निरनिराळ्या प्रतिकारशक्तीच्या आजारांवर काम करणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवली होती, म्हणून ती स्वस्त पडली.

जागा म्हणजे जनुक नव्हे, हेही सांगून टाकतो. गुणसूत्रावरचा पट्टा सापडला की त्यात दहा जनुकं असू शकतात आणि शेकडो फरक. २०१७ मध्ये ६७,८५२ लोकांची माहिती बारकाईने चाळल्यावर, एकच फरक जबाबदार आहे असं ९५ टक्क्यांहून जास्त खात्रीने म्हणता येईल अशी ठिकाणं निघाली १८. दीडशेच्या वर जागा आणि त्यातून पक्के धागे अठरा; उत्साह आवरायला हे गणित बरं असतं. तरीही समन्वयाविना ते अठराही हाती आले नसते, कारण इथे प्रत्येक अक्षर नेमकं असावं लागतं.

माहिती एकत्र आली की ती कुणाची, हा प्रश्न येतोच. अमेरिकेच्या आरोग्य संस्थांनी जानेवारी २००८ पासून असा नियम लागू केला, की सरकारी पैशातून झालेल्या अशा अभ्यासांची माहिती ‘डीबीगॅप’ या त्यांच्या भांडारात ठेवावी आणि परवानगी घेऊन इतरांनी ती वापरावी. आयबीडी संघाची माहितीही तिथे गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका गटाने दाखवून दिलं, की हजारो लोकांची नुसती सरासरी छापली तरी, एखाद्याचा डीएनए हाताशी असेल तर तो माणूस त्या गटात होता की नाही हे ओळखता येतं. सरासरीच्या आड माणूस लपतो, हा समज तिथे संपला. आरोग्य संस्थांनी उघड्यावर ठेवलेले आकडे तातडीने आत घेतले. त्यातले बरेच पुन्हा मोकळे व्हायला २०१८ उजाडलं. म्हणून संमतिपत्र हा समन्वय केंद्राच्या कामाचाच भाग आहे. ‘माझा नमुना फक्त आयबीडीसाठी वापरा’ असं एकाने लिहिलं आणि ‘कुठल्याही आजारासाठी चालेल’ असं दुसऱ्याने, तर ती ओळ त्या दोघांच्या डीएनएबरोबर कायम चालली पाहिजे. पंधरा वर्षांनी, मूळ डॉक्टर निवृत्त झाल्यावरसुद्धा.

पंधरा वर्षं म्हटलं की पैशाचा खरा पेच समोर येतो. अनुदान साधारण पाच वर्षांचं असतं. नमुने मात्र पाच वर्षांनी मरत नाहीत. रक्तातल्या पेशींना विषाणूच्या मदतीने अखंड वाढत ठेवता येतं आणि हवा तेव्हा त्यांच्यातून डीएनए काढता येतो. आयबीडी संघाने ही सोय केली होती. एनआयडीडीकेने २००३ मध्ये आपलं मध्यवर्ती भांडार उभारलं, ते अनुदान संपल्यावर नमुने आणि माहिती यांना घर असावं म्हणून. पण भांडारात गेलेली माहिती आणि वापरता येणारी माहिती यांत फरक आहे. कुठल्या रकान्यात ‘९’ म्हणजे ‘माहीत नाही’ आणि कुठल्या रकान्यात ते नऊ वर्षं, हे ज्याला तोंडपाठ आहे तो प्रोग्रामर नोकरी सोडून गेला, की भांडार असूनही रुमाल बांधलेलाच राहतो. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकी आरोग्य संस्थांचं नवं धोरण लागू झालं. त्यानुसार नवी माहिती तयार करणाऱ्या प्रत्येक संशोधनाच्या अर्जासोबत ती माहिती कशी जपणार आणि वाटणार याचा आराखडा द्यावा लागतो, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात मागता येतो. 

या सगळ्यात आपण कुठे? लांबून वाटतं तितके दूर नाही. आयबीडी हा गोऱ्यांचा आजार, असं आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत बराच काळ होतं. २००३ मध्ये लुधियानाच्या अजित सूद यांच्या गटाने पंजाबातली पाहणी छापली : दर लाखामागे ४४.३ लोकांना अल्सरेटिव्ह कोलायटिस. इंग्लंडमधल्या लेस्टरशरच्या दक्षिण आशियाई वस्तीत हा आजार तिथल्या गोऱ्या लोकांहून अधिक आढळतो, हे तर १९९० च्या दशकापासून ठाऊक होतं. मात्र नॉड-२ चे तीन प्रसिद्ध दोषी फरक भारतीय रुग्णांत जवळजवळ सापडतच नाहीत. जपान, चीन, कोरियातही नाहीत. युरोपीय माहितीवर बेतलेली जनुकीय चाचणी मुंबईत वापरली तर अहवाल ‘निर्दोष’ येईल आणि रुग्णाचा आजार होता तसाच राहील. २०१५ मध्ये दिल्ली विद्यापीठ आणि लुधियाना यांनी मिळून उत्तर भारतीय रुग्णांचा संपूर्ण जीनोमवर पसरलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या टप्प्यात ७०० रुग्ण आणि ७६१ निरोगी. कोलायटिसच्या काही नव्या जागा त्यातून आल्या. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघाच्या मोठ्या अभ्यासात युरोपीय वंशाचे ८६,६४० लोक होते. पूर्व आशियाई, भारतीय आणि इराणी मिळून ९,८४६.

आणि मग क्षय. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून पाहिले तरी एकमेकांसारखे दिसतात. तुकडा तपासला तरी कधीकधी खात्री होत नाही. एकाला चुकून दुसऱ्याचं औषध दिलं तर जिवावर बेतू शकतं, कारण क्रोन्सची काही औषधं क्षय भडकवतात. जनुकांच्या अभ्यासात क्षयाचे वीस-तीस रुग्ण ‘क्रोन्स’ म्हणून घुसले तर सगळं पाणी गढूळ होईल. गंमत अशी, की जनुकांच्या पातळीवरही या दोन घराण्यांची सोयरीक आहे. कुष्ठाचा जंतू क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, आणि २००९ मध्ये चीनमधल्या कुष्ठरोग्यांच्या अभ्यासात नॉड-२ पुढे आलं. २०१२ च्या मोठ्या अभ्यासात आयबीडीच्या जागा आणि कुष्ठ-क्षयाच्या जंतूंशी लढण्यात गुंतलेली जनुकं यांची सरमिसळ ठळक दिसली. क्षय की क्रोन्स, हा प्रश्न बोस्टनमध्ये सुटणार नाही. तिथे क्षयाचे एवढे रुग्णच नाहीत. तो जिथे सुटू शकतो तिथे रुग्ण आहेत, डॉक्टर आहेत, यंत्रंही आहेत; एकसारखा फॉर्म आणि तो सांभाळणाऱ्याचा पगार हवा आहे.

पायाभरणी सुरू झाली आहे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने देशभरातल्या सुमारे दहा हजार लोकांचा जीनोम वाचला आणि ती माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात ठेवली आहे. या केंद्राचं इंग्रजी आद्याक्षरी नाव आयबीडीसी. आमच्या आजाराशी त्याचा संबंध नाही, पण शुभशकुन म्हणून मी तो घेतो. निरोगी लोकांचा हा समाईक गट अनेक आजारांना वापरता आला, तर वेलकम ट्रस्टची ती २००७ ची काटकसर आपल्यालाही जमेल. त्याला जोडायला आजाऱ्यांची दप्तरं लागतील, आणि ती उत्तरेबरोबर विदर्भ, कोकण, गोव्यातलीही लागतील.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. जनुकशास्त्राच्या विद्यार्थ्याने गणिताची प्रकरणं सावकाश वाचावीत. संख्याशास्त्र कच्चं असेल तर लाजू नये, माझंही होतं. अनुदानाचा अर्ज लिहिणाऱ्याने जाहिरात वाचण्यावरचं प्रकरण आधी घ्यावं आणि अंदाजपत्रकात समन्वयाची ओळ सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात लिहायची सवय मोडावी. आणि पोटाच्या विकारांच्या डॉक्टरांना एक विनंती आहे. उद्याच्या ओपीडीपासून प्रत्येक आयबीडीच्या रुग्णाच्या केसपेपरवर तीन गोष्टी लिहा : आजार आतड्याच्या कोणत्या भागात आहे, निदान कोणत्या महिन्यात आणि वर्षी झालं, आणि क्षयाची शंका कशावरून दूर केली. ती दूर झाली नसेल तर तसंच लिहा.